बायको कॅनडाला बोलावते आहे, पण दहा वर्षांच्या कामाचा रकाना कसा भरू?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. तीनचार वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

गाव दारव्हा तालुक्यात. घरची साडेचार एकर कोरडवाहू. बायको वर्ध्याकडची, नर्सिंग झालेली. २०१८ ला शिकायला कॅनडात गेली, आता तिकडे पी.आर. (कायम रहिवासी) आहे आणि ओंटारियोत वृद्धांच्या निवासात कामाला आहे. लग्न गेल्या वर्षी झालं. आता ती मला स्पॉन्सर करतेय. तिचे फॉर्म तिने दोन रात्रींत भरून टाकले. माझं घोडं शेड्यूल ए वर अडलंय, म्हणजे ५६६९ नंबरचा फॉर्म. त्यात अठराव्या वर्षापासूनचं किंवा गेल्या दहा वर्षांचं, जे अलीकडचं असेल ते, महिन्यागणिक मागतात. नोकरी, शिक्षण, बेरोजगारी, जे असेल ते. एकही महिना मोकळा सोडायचा नाही.

माझं खरं असं आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात बी.एस्सी. झालो. वर्षभर अमरावतीला खोली करून एमपीएससी. जून २०१६ पासून दोन वर्षं एका विनाअनुदानित शाळेत गणित-विज्ञान शिकवलं. पगार शून्य. 'अनुदान आलं की पहिलं नाव तुमचं' एवढ्या एका वाक्यावर दोन वर्षं काढली. त्याच दोन हंगामांत शाळा सुटल्यावर आणि रविवारी एका कापसाच्या जिनिंगवर वजनकाट्यावर बसायचो, तीनशे रुपये रोज, हातात. २०१८ नंतर तीन वर्षं शेतीच. २०२१ पासून तालुक्याला कृषी सेवा केंद्रात आहे.

आता घोळ. २०१९ ला मी एका एजंटामार्फत स्टडी परमिटची फाईल लावली होती. (नाव घेत नाही, त्याचं दुकानही आता तिथे नाही.) तो म्हणाला, बिनपगारी मास्तर आणि काट्यावरचा पोरगा असं लिहिलं तर व्हिसा कोण देईल? मग त्यानेच एका कॉम्प्युटर सेंटरचं अनुभवपत्र आणलं. जून २०१६ ते मे २०१८, डेटा एंट्री ऑपरेटर, पगार बारा हजार. त्या सेंटरची पायरीही मी चढलो नव्हतो. पण फॉर्मवर सही माझी आहे. फाईल नाकारली गेली ती भलत्याच कारणाने, शिक्षण संपल्यावर हा परत जाईल असं अधिकाऱ्याला वाटलं नाही.

काल कोठीतली पत्र्याची पेटी काढली. सातबारा, सोसायटीच्या कर्जाचे कागद, बाबांच्या कापसाच्या वजनाच्या पट्ट्यांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा, आणि मधे ते पत्र. शिक्का इतका तिरपा मारलाय की 'संचालक' मधला 'सं' कागदाच्या बाहेर गेलाय. तारखेवर व्हाइटनर, आणि व्हाइटनरवर वेगळ्या पेनने २०१८.

आता खरं लिहिलं तर जुनं खोटं उघडं पडतं. जुनंच पुढे रेटलं तर तेच खोटं बायकोच्या फाईलमध्ये जातं. काय करू?

संत्रानगरी

भाऊ, तुमच्या शिक्क्यातला 'सं' वाचून हसू बी आलं आन् वाईट बी वाटलं. आमच्या वरुडाकडं अशा अनुभवपत्रांवर किती पोरं विमानात बसले ते इचारू नका. मले कायद्यातलं काही समजत नाही. जाणकार येईपर्यंत चहा घ्या.

थेट_मुद्द्यावर

सरळ सांगतो, राग मानू नका. जुनंच चालू ठेवा. माझ्या मावसभावाने तेच केलं, आज तिकडे घर घेऊन बसलाय. सहा वर्षांपूर्वीची नाकारलेली फाईल कोण उघडून बघतंय? हरिश्चंद्र व्हायला गेलात तर बायको तिकडे आणि तुम्ही इकडे.

जुनी_फाईल

थेट_मुद्द्यावर, असा सल्ला देताना 'माझ्या जबाबदारीवर' असं लिहायची सोय या संस्थळावर हवी होती.

कोण उघडून बघतंय? ज्याच्या टेबलावर फाईल येते तो. तिथल्या खात्याच्या जीसीएमएस या संगणक प्रणालीत जुने अर्ज माणसाच्या नावाखालीच दिसतात. शिवाय शेड्यूल ए मध्येच थेट प्रश्न आहे की आजवर कॅनडाचा किंवा कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला गेलाय का. त्याला 'हो' लिहावंच लागणार. म्हणजे जुन्या फाईलचा पत्ता तुम्ही स्वतःच देताय.

आता कायदा. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४०. महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली किंवा दडवली आणि त्यामुळे अधिकाऱ्याची चूक झाली, किंवा होऊ शकली असती, तर पाच वर्षं प्रवेश बंद. त्या पाच वर्षांत पी.आर.चा अर्जही करता येत नाही. 'होऊ शकली असती' हे नीट वाचा. तेव्हा व्हिसा मिळाला नाही म्हणून ते खोटं धुऊन निघत नाही. आणि 'एजंटाने भरलं' हे कारण सहसा चालत नाही, सही ज्याची त्याचा अर्ज.

पऱ्हाटी, तुम्हाला खोटा दिलासाही देत नाही. स्वतःहून सांगितलं म्हणून माफी मिळतेच असं कुठे लिहिलेलं नाही. पण स्वतः सांगितलेली एक जुनी चूक आणि दुसऱ्यांदा पकडलेलं तेच खोटं यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. दुसऱ्या बाबतीत आता कशावर विश्वास ठेवायचा हाच प्रश्न उभा राहतो. मग लग्न खरं आहे का, इथपर्यंत गाडी जाते.

ब्रॅम्प्टनची_वहिनी

मी २०२१ ला ह्यांना स्पॉन्सर केलंय, म्हणून बायकोच्या बाजूचं लिहिते. तिकडेही गैरसमज भरपूर असतात.

नवऱ्याला किंवा बायकोला बोलवायला सहसा उत्पन्नाची किमान मर्यादा नाही. आईवडिलांना बोलवताना असते, तिथे लोकांचा गोंधळ होतो. अट अशी की स्पॉन्सर सरकारी समाजसाहाय्यावर जगत नसावा, अपंगत्वामुळे मिळणारं साहाय्य चालतं. बाळंतपणाच्या रजेत मिळणारा रोजगार विमा त्यात मोडत नाही. आमच्याकडे एक मुलगी या भीतीने सहा महिने फाईल लावत नव्हती, म्हणून मुद्दाम सांगतेय. पी.आर. असेल तर तिने अर्ज चालू असताना कॅनडातच राहायला हवं. आणि तीन वर्षं तुमचा खर्च तिच्या शिरावर असं हमीपत्र असतं. मधे घटस्फोट झाला तरी ते सुटत नाही.

तिच्या नोकरीसाठी कंपनीचं पत्र (कधीपासून, काय काम, किती पगार) आणि कर खात्याची शेवटच्या वर्षाची नोटीस ऑफ असेसमेंट लावा. पत्रातला पगार आणि नोटीशीतला आकडा जुळत नसेल तर आधीच दोन ओळी लिहून टाका. माझा जुळत नव्हता, कारण वर्षाच्या मधे नोकरी बदलली होती. दोन ओळी लिहिल्या, कोणी काही विचारलं नाही.

बोंडअळी

माझाही तोच रकाना अडलाय, पण वेगळ्या कारणाने. पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होतो आणि त्याआधी होमगार्ड. ते 'काम' मध्ये लिहायचं का? मानधन म्हणाल तर चहापाण्याचं.

जुनी_फाईल

बोंडअळी, त्याच फॉर्ममध्ये सरकारी पदांचा वेगळा रकाना आहे. उदाहरणात महापौरापर्यंतची पदं दिली आहेत, तेव्हा सदस्यपद तिथे. सैनिकी, निमसैनिकी सेवेचा आणखी एक रकाना आहे. होमगार्ड कशात बसतं हे आपण ठरवायचं नाही. लिहायचं, आणि ते नेमकं काय असतं ते एका ओळीत सांगायचं: गणपती-निवडणुकीचा बंदोबस्त, इतके दिवस, शस्त्र होतं की नाही. संघटनांच्या सदस्यत्वाचाही प्रश्न आहे, तिथे पक्षाचं नाव लागेल.

न्यू_जर्सीचा_अकोलेकर

थोडं अवांतर, पण अमेरिकेवाले वाचत असतील त्यांच्यासाठी. आमच्याकडे आय-१३० (नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज) मध्ये बोलावणाऱ्याचा पाच वर्षांचा नोकरीचा तपशील द्यावा लागतो, आणि बोलावलेल्या जोडीदाराचा पाच वर्षांचा आय-१३०ए या वेगळ्या फॉर्मवर. पुढे आय-८६४ या हमीपत्रात उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के दाखवावं लागतं. कमी पडलं तर दुसरा जॉइंट स्पॉन्सर. आणि जाणूनबुजून खोटं बोललात तर पाच वर्षं नाही, कायमची बंदी. वेव्हर (बंदीतून सूट) आहे, पण त्याच्या मागे लागलेल्या एकाला मी पाहिलंय, पोरगं शाळेत जायला लागलं तरी बाप अकोल्यातच.

लेस्टरचा_बुलढाणेकर

इंग्लंडात सगळं उलटं. बोलावलेला जोडीदार गावाकडे काय करत होता यात त्यांना फार रस नाही, बोलावणारा किती कमावतो तेवढंच. एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड, त्याआधी १८,६०० होते. एकाच मालकाकडे सहा महिने झाले असतील तर एक प्रकार, नसतील तर दुसरा आणि कागद जास्त. मी पाचव्या महिन्यात नोकरी बदलली आणि बायको सात महिने चिखलीत अडकली. तिच्या माहेरच्यांनी अजून मला माफ केलेलं नाही.

मोर्शीची_मावशी

बाकी सारं ठीक, पण मी एकच इचारतो. पऱ्हाटी, बायकोले सांगतलं का बापा तू हे पत्राचं?

पऱ्हाटी

मावशी, नाही सांगितलं.

लग्नाच्या परिचयपत्रात काकांनी 'शिक्षक व प्रगतिशील शेतकरी' असं छापलं होतं. बिनपगारी हा शब्द कुठेच नव्हता, जिनिंग तर नाहीच. स्टडी परमिट नाकारला गेला एवढं तिला माहीत आहे, अनुभवपत्राचं नाही. फॉर्म भरताना 'बेरोजगार' हा शब्द टाइप करतो आणि पुसतो. अधिकाऱ्याची भीती नाही वाटत. तिच्या घरच्यांनी वाचलं तर, याची वाटते.

मोर्शीची_मावशी

मंग आधी फोन लाव. फॉर्म नंतर. ते पोरगी तुह्यासाठी तीन वर्षांचं हमीपत्र लिहून देऊन राहिली, आन् तिलेच मालूम नाही का आपण कोणाची हमी घेऊन राहिलो? काहून असं करतेत बाबू तुम्ही पोट्टे? बेरोजगार लिहाले लाज कायची? अर्धा जिल्हा बेरोजगार हाये.

जुनी_फाईल

मावशींच्या म्हणण्याला कागदोपत्री कारणही आहे. नात्याचा तपशील विचारणारा ५५३२ नंबरचा फॉर्म दोघांचा मिळून असतो आणि मुलाखत झाली तर दोघांनाही विचारू शकतात. 'तुमचा नवरा २०१७ मध्ये काय करत होता?' याला तिने 'शिक्षक, चांगला पगार' म्हटलं आणि फॉर्मवर दुसरंच असलं, तर ती खोटी ठरते, काही न करता. शिवाय खोटं आहे हे ठाऊक असून तिने सही केली तर तिच्यावरही कायद्याने कारवाई होऊ शकते. तिला खरं सांगणं ही तिची सुरक्षा आहे.

थेट_मुद्द्यावर

मानलं. जुनी_फाईल, मावसभावाबद्दल बोललो ते मागे घेतो. पण तुम्हीही मान्य करा की हे सगळं ऐकून सामान्य माणसाचे पाय लटपटतात.

जुनी_फाईल

मान्य. म्हणूनच एक दिलासा देऊन टाकतो, खरा. कलम ४० खाली स्पॉन्सरशिप नाकारली तर सहसा अपील नसतं, पण स्पॉन्सरचा जोडीदार किंवा मूल असेल तर इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येतं, आणि ते बायकोने करायचं असतं. दार पूर्ण बंद नाही. त्याआधी सहसा अधिकारी शंका लिहून कळवतो आणि उत्तर मागतो, त्याला प्रोसिजरल फेअरनेस लेटर म्हणतात. तेव्हा घाबरून चार ओळींत उत्तर देणाऱ्यांचं नुकसान होतं.

पऱ्हाटी, बाकी फॉर्म स्वतः भरा. पण खुलाशाच्या पत्रासाठी तिकडचा वकील किंवा परवानाधारक सल्लागार धरा. सल्लागाराचं नाव सीआयसीसी या नियामक संस्थेच्या यादीत सापडतंय का ते बायकोला बघायला सांगा. यादीत नसलेल्याला पैसे देऊ नका, एकदा दिलेत तेवढे पुरे.

पऱ्हाटी

आठ दिवसांनी लिहितोय.

सांगितलं. तिची नाइट संपली होती, ती बसमध्ये होती, इकडे संध्याकाळ. मी गोठ्यामागे उभा राहून बोललो, घरात रेंज नसते हे निमित्त. सगळं सांगितलं. शाळा, काटा, एजंट, पत्र. ती बराच वेळ गप्प. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, 'शाळेचं मला माहीत आहे.'

लग्न ठरायच्या आधी माझे सासरे शाळेत जाऊन आले होते. हेडमास्तर भेटले नाहीत, शिपाई भेटला. त्याने मला पगार नव्हता, मी जिनिंगवर बसायचो, सायकल पंक्चर झाली की चार किलोमीटर चालत यायचो, सगळं सांगितलं. सासऱ्यांनी घरी जाऊन म्हटलं म्हणे, पोरगा कामाला लाजत नाही. आणि मी वर्षभर त्यांच्यासमोर 'शाळेत असताना' म्हणत मान खाली घालत होतो.

पत्राचं मात्र तिला खरंच माहीत नव्हतं. त्यावर भडकली. दोन दिवस फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच दोन सल्लागारांचे नंबर यादीतून काढून पाठवले, खाली एकच ओळ: 'फी तुझ्या कापसातून.'

आता नवी अडचण. शाळेकडे अनुभवाचं पत्र मागितलं. हेडमास्तर म्हणाले देतो, पण 'मानधन रु. ५,०००' असं लिहावं लागेल, शून्य लिहिलं तर आम्ही अडचणीत येऊ. म्हणजे पुन्हा तेच!

ब्रॅम्प्टनची_वहिनी

नको घेऊ ते पत्र, भाऊ. एका खोट्यातून निघून दुसऱ्यात.

सीएचबीवाला

या शाळा-कॉलेजांचं दुखणं मला विचारा. मी घड्याळी तासिकेवर सहा वर्षं काढली. दरवर्षी नवी ऑर्डर, उन्हाळ्याचे महिने बेरोजगार. माझ्या फॉर्ममध्ये सहा वर्षांच्या बारा ओळी झाल्या: शिकवलं, बेरोजगार, शिकवलं, बेरोजगार. ओळी कमी दिसाव्यात म्हणून सलग दाखवू नका, जसं आहे तसं तोडा. नियुक्तीपत्र, वेळापत्रक, निकालपत्रकावरची सही, दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो, यांतलं जे मिळेल ते जपून ठेवा. पत्र मिळत नाही आणि का मिळत नाही, हे खुलाशात लिहिता येतं. ज्यांचा पीएफ कापला जायचा त्यांनी ईपीएफओच्या पासबुकातून तारखा काढा, आपल्या आठवणीतल्या तारखा हमखास एकदोन महिन्यांनी चुकतात. माझ्या तर एका वर्षाने चुकल्या होत्या.

पऱ्हाटी

पीएफ कुठला! पण सीएचबीवाला, तुमचं वाचून एक गोष्ट सुचली. बाबांच्या त्या सुतळीच्या गठ्ठ्यात आमच्याच कापसाच्या काटापट्ट्या आहेत. आम्ही कापूस त्याच जिनिंगला घालायचो. डिसेंबर २०१६ ची एक पट्टी हातात आहे आत्ता. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, कट्टी, हमाली, आणि खाली 'काटा करणार' पुढे माझी सही. स्वतःच्या बापाचा कापूस मी मोजला होता आणि वजनातून कट्टीही कापली होती, मालक मागे उभा होता म्हणून. बाबांनी त्या दिवशी जेवताना एक शब्द काढला नव्हता.

अशा सात पट्ट्या निघाल्या. दोन हंगामांच्या.

संत्रानगरी

राजेहो, याले म्हणतेत पुरावा! त्या व्हाइटनरवाल्या पत्रापेक्षा ह्या पट्ट्या लय भारी.

जुनी_फाईल

उत्तम. पट्ट्या सल्लागाराला दाखवा, काय जोडायचं ते तो सांगेल. मराठी कागद असल्याने इंग्रजी भाषांतर लागेल. तुम्ही स्वतः किंवा घरच्या कोणी केलेलं चालत नाही, बायकोला इंग्रजी कितीही येत असलं तरी. भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र जोडा. आणि ते जुनं अनुभवपत्र फाडू नका. खुलाशात त्याचा उल्लेख येणार, सल्लागार मागेल.

पऱ्हाटी

फॉर्म भरून झाला. जून २०१६ ते एप्रिल २०१८ 'शिक्षक, विनावेतन', त्यातल्या हंगामांच्या महिन्यांत जिनिंगची वेगळी नोंद. मे २०१८ पासून 'कुटुंबाच्या शेतीत काम, पगार नाही'. एमपीएससीचं वर्ष 'बेरोजगार, स्पर्धा परीक्षेची तयारी'. या वेळी पुसलं नाही. खुलाशाचं पत्र सल्लागार बाईंनी तीनदा परत पाठवलं, प्रत्येक वेळी म्हणाल्या एजंटावरचा परिच्छेद कमी करा आणि स्वतःबद्दलचा वाढवा. शेवटी एजंटाला दीड ओळ उरली.

पट्ट्या घेऊन काल यवतमाळला भाषांतरकाराकडे गेलो. भला माणूस, पण मूळचा सांगलीकडचा. 'कट्टी' ला अडला. मला म्हणाला, वजनातून हे दोन किलो कशाचे कापले? मी सांगितलं, ओल, कचरा, बारदाना, असं म्हणतात. तो म्हणाला, म्हणतात म्हणजे? खरंच होते का दोन किलो?

मंडळी, इंग्रजीत कट्टीला काय लिहायचं, कोणाला सुचतंय का? प्रतिज्ञापत्रावर सही त्याची आहे आणि तो अंदाजाने लिहायला तयार नाही.